लेझर, दोन भिंगं आणि अक्षरांची ओळखपरेड

खडूफळा

बहिर्गोल भिंगासमोर बरोबर नाभीय अंतरावर एक पारदर्शक चित्र ठेवायचं, त्यातून लेझरचा रुंद, समांतर झोत सोडायचा आणि भिंगाच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडदा धरायचा. पडद्यावर चित्र येत नाही. येतात ठिपके, रेघा आणि मधोमध एक झगझगीत बिंदू. चित्रात ठळक आकार किती, बारीक नक्षी किती, ती कुठल्या दिशेला आहे, याचा हिशोब त्या ठिपक्यांत असतो. चित्राचा द्विमितीय फूरिए ट्रान्सफॉर्म म्हणतात तो हाच. इंजिनिअरिंगला ज्या नावाने भल्याभल्यांना घाम फुटायचा, ते काम इथे काचेचा तुकडा फुकटात करून देतो. चित्र केवढंही किचकट असो, वेळ तेवढाच.

पुढे तेवढ्याच नाभीय अंतराचं दुसरं भिंग ठेवलं की चित्र परत मिळतं, फक्त उलटं. एकूण लांबी नाभीय अंतराच्या चौपट, म्हणून या मांडणीला फोर-एफ म्हणतात. सगळी गंमत मधल्या पातळीवर आहे, म्हणजे दोन भिंगांच्या मध्ये जिथे ते ठिपके पडतात तिथे. तिथे जे झाकाल ते पलीकडच्या चित्रातून वजा होतं. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये येना इथे सूक्ष्मदर्शकाच्या निमित्ताने हे तत्त्व मांडलं, म्हणजे लेझरच्या जवळपास नव्वद वर्षं आधी.

देवनागरीवर हा प्रयोग फार देखणा होतो. छापील मराठी मजकुराची फिल्म ठेवली तर मधल्या पातळीवर एक उभी रेघ बाकी सगळ्यावर मात करते. ती शिरोरेषेची. आडव्या रेघेचा फूरिए उभा पसरतो. काने आणि दंड यांची आडवी रेघही दिसते, पण त्यामानाने फिकी. आता मधला बिंदू मोकळा सोडून त्या उभ्या रेघेवर, वर आणि खाली, बारीक तार धरा. पलीकडे शिरोरेषा विरतात आणि अक्षरं जवळजवळ गुजराती वळणाची दिसायला लागतात. इतर आडव्या रेघांनाही थोडा फटका बसतो, पण काने जागेवर शाबूत.

हे झालं पुसणं. ओळखणं त्याच्या पुढचं. पानावरचे सगळे 'म' शोधायचे आहेत असं धरू. मधल्या पातळीवर 'म'च्याच फूरिएपासून बनवलेला फिल्टर बसवायचा, पण कला (फेज, म्हणजे तरंग चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) उलट्या चिन्हाची. पानावरच्या 'म'कडून आलेल्या तरंगात जे उंचवटे-खड्डे असतात ते हा फिल्टर भरून काढतो, तरंग सपाट होतो, आणि सपाट तरंगाला दुसरं भिंग एका बिंदूत गोळा करतं. 'क' किंवा 'र' आला तर खड्डे तसेच राहतात, नुसता धुरकट डाग पडतो. पानावर पाच 'म' असतील तर पाच ठिपके, आणि तेही ज्या जागी अक्षर त्याच जागी. ओळीने शोधत जाणं वगैरे काही नाही, सगळं पान एकदम. मॅच्ड फिल्टरची ही कल्पना रडारवाल्यांकडे १९४३ पासून होती. अँथनी व्हँडर लुग्ट यांनी मिशिगन विद्यापीठात ती प्रकाशात उतरवली, त्यांचा निबंध १९६४ चा.

२५ सेंटिमीटर नाभीय अंतराची भिंगं घेतली तर सगळी वाट एक मीटरची. प्रकाशाला लागतात सुमारे ३.३ नॅनोसेकंद.

मग साठ वर्षांत हे घरोघरी का नाही आलं? माझं मत असं की प्रकाशाच्या वेगाचा इथे फारसा संबंधच येत नाही. चित्र प्रकाशात घालायला आणि उत्तर बाहेर काढायला जो वेळ लागतो, तोच खरा वेग. जिथे चित्र आधीपासून प्रकाशातच असतं तिथे ही पद्धत टिकली, बाकी ठिकाणी मार खाल्ला. सहमत नसाल तर हाणा.

तिरकस बाण

'जाणकारांनी प्रकाश टाकावा' असं लिहिणार होतो, पण इथे तो आधीच टाकलेला आहे. :)

बाळबोध शंका: लेझरच कशाला? मोबाईलच्या टॉर्चने भागत नाही का? आणि आबेसाहेबांनी १८७३ साली काय लेझर वापरला होता?

खडूफळा

बाळबोध अजिबात नाही. हिशोबातली बेरीज-वजाबाकी तरंगांच्या कलांवर चालते. टॉर्चच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेल्या तरंगांचा एकमेकांशी काहीच करार नसतो, त्यामुळे वजाबाकी व्हायला हवी तिथेही नुसती बेरीज होत राहते. आबेंच्या काळात उजेड बारीक छिद्रातून काढून काम भागवत. छिद्र जितकं लहान तितकी तरंगांची शिस्त चांगली, पण उजेड तितकाच कमी. लेझरने ही अडचण संपवली. पहिला लेझर १९६० चा, हेलियम-निऑनचा लाल झोत दोनेक वर्षांत प्रयोगशाळांत रुळला, आणि व्हँडर लुग्टचा निबंध १९६४ चा. ही जवळीक योगायोगाची नाही.

लेझरशिवाय चुणूक बघायची असेल तर रात्री लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे छत्रीच्या कापडातून बघा. दिवा दूर असल्याने तो छिद्रासारखाच वागतो. एका दिव्याचे फुलीच्या आकारात अनेक दिवे दिसतात. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचे ठिपके स्वच्छ यायचे, आताच्या पांढऱ्या एलईडीचे रंगीत कडांचे येतात. अमेरिकेत फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी १७८५ च्या सुमारास रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघताना हेच टिपलं आणि डेव्हिड रिटेनहाउस यांना विचारलं. रिटेनहाउसनी त्यावरून केस ताणून बसवलेली जाळी केली.

दुसरा मुद्दा फिल्टरचा, तो पहिल्या पोस्टमध्ये मी फार पटकन उरकला. फिल्म फक्त उजेड कमी की जास्त एवढंच टिपते, कला टिपत नाही. मग 'उलटी कला' फिल्मवर आणायची कशी? व्हँडर लुग्टची करामत हीच. 'म'चा फूरिए फिल्मवर पडत असताना त्याच लेझरचा दुसरा, साधा झोत तिरका सोडायचा. दोघांच्या मिलाफातून फिल्मवर बारीक पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांच्या वाकणुकीत कला साठते. थोडक्यात, 'म'च्या फूरिएचा होलोग्राम. त्याच सुमारास त्याच विद्यापीठात एमेट लीथ आणि ज्युरिस उपाटनिक्स तिरक्या झोताची होलोग्राफी करत होते. म्हणजे फिल्टरचं गणितही कोणाला कागदावर करावं लागलं नाही, प्रकाशाने स्वतःच लिहून दिलं.

किंमत मात्र जबर. फिल्म धुऊन परत जागेवर बसवताना काही मायक्रॉन सरकली की ठिपका गेला. शिवाय फिल्मची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ती काचेच्या दोन तुकड्यांमध्ये तेलात बुडवून ठेवावी लागे, म्हणजे जाडीतली उंचसखल तेल भरून काढतं. टेबल हवेच्या उशांवर. दार जोरात लावणाऱ्याला शिव्या.

रिमझिम_रडार

सुरेख धागा. मी रिमोट सेन्सिंगमध्ये आहे, त्यामुळे 'चित्र आधीपासून प्रकाशातच' याला एक थोडं वेगळं उदाहरण जोडते: चित्र आधीपासून फिल्मवर.

सिंथेटिक अपर्चर रडार विमानातून खालच्या जमिनीचे प्रतिध्वनी गोळा करतं. नुसते प्रतिध्वनी बघितले तर काही कळत नाही, जमिनीवरचा प्रत्येक बिंदू लांबलचक पट्टीत पसरलेला असतो. ती पट्टी परत बिंदूत आवळायची तर दर बिंदूसाठी मॅच्ड फिल्टर लागतो. १९५० च्या दशकातल्या संगणकांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. मिशिगनच्या विलो रन प्रयोगशाळेत लुई कट्रोना, लीथ आणि मंडळींनी प्रतिध्वनी फिल्मवर नोंदवले आणि ती फिल्म भिंगांसमोरून सरकवली. प्रत्येक बिंदूची नोंद फिल्मवर छोट्या भिंगासारखी वागते, स्वतःच उजेड एकवटते. फक्त जवळच्या आणि लांबच्या जमिनीसाठी हे एकवटणं वेगवेगळ्या अंतरावर होतं. ते जुळवायला शंकूच्या आकाराचं भिंग घालत. ते भिंग मी बघितलेलं नाही, पण त्याची आकृती विद्यार्थीदशेत बघितली तेव्हा पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून शांत बसले होते.

१९७८ मध्ये नासाचा सीसॅट उपग्रह गेला. जूनमध्ये उड्डाण, ऑक्टोबरमध्ये वीजपुरवठ्यात शॉर्ट सर्किट होऊन बंद. त्याच्या रडारचा बराचसा डेटा सुरुवातीला असाच लेझर आणि भिंगांनी प्रोसेस झाला. डिजिटल प्रोसेसिंग त्याच वर्षी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत भिंगं कपाटात गेली. आता आमच्याकडे कोणाला हे सांगितलं तर 'काहीतरीच काय' म्हणतात.

ओळखणं आणि एकवटणं या दोन्हींमागे गणित एकच आहे, म्हणून इथे लिहिलं.

जीपीयूग्रस्त

आता विरोधी पक्ष.

१. व्हँडर लुग्ट १९६४. कूली आणि ट्युकी यांचा फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे संगणकावर फूरिए झटपट काढायची रीत, १९६५. म्हणजे भिंगाचा हनिमून एक वर्षाचा. आज १०२४ × १०२४ चा फूरिए गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर एका मिलिसेकंदाच्या आत होतो, टेबल हवेवर तरंगवावं लागत नाही.

२. ३.३ नॅनोसेकंद वाचून लोक भारावतात. ते चित्र झोतात घालायला लिक्विड क्रिस्टलचा मॉड्युलेटर लागतो, तो सेकंदाला ६० चित्रं बदलतो, फारच चांगला असेल तर काही हजार. पलीकडे कॅमेरा. मुंबईहून पुण्यापर्यंत विमानाने यायचं आणि मग चांदणी चौकात तासभर उभं राहायचं, त्यातला प्रकार.

३. मुळात ही 'ओळख' फार भाबडी. 'म' चार अंश तिरका झाला की तुमचा ठिपका संपला. माणसाचा चेहरा, हस्ताक्षर, रस्त्यावरची गाडी यांना साचा लावून ओळखण्याचा जमाना गेला. न्यूरल नेटवर्क आल्यावर हा विषय इतिहासाच्या पेपरात.

खडूफळा

दुसरा मुद्दा माझाच आहे, तो तुम्ही चांदणी चौकातून फिरवून आणलात. मॉड्युलेटरची बाजू थोडी सावरतो: प्रोजेक्टरमध्ये असतात त्या सूक्ष्म आरशांच्या चिप्स, ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये बनवल्या, त्यांच्या आजच्या वेगवान आवृत्त्या सेकंदाला सुमारे ३२ हजार चित्रं दाखवतात. फक्त काळी-पांढरी, मधल्या छटा नाहीत. टोकनाका थोडा रुंद झाला, गेला नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं भांडतो. साध्या मॅच्ड फिल्टरला साडेतीन अंशांचं वळण किंवा आकारात दोन टक्के फरक पुरतो, संकेत गोंगाटात बुडतो, हे खरं. डेव्हिड कासासेंट आणि दिमित्री साल्टिस यांनी १९७६ मध्येच ते दाखवलं होतं. पण लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. एकाच फिल्टरमध्ये त्या वस्तूची अनेक रूपं कालवायची, म्हणजे वळलेला 'म', मोठा 'म', जाड ठशाचा 'म', ही दिशा कार्नेगी मेलनमध्ये कासासेंट यांच्या गटाने धरली. त्यातून १९८७ मध्ये मेस नावाचा फिल्टर आला. त्याचे कर्ते अभिजित महालनोबिस, बी. व्ही. के. विजय कुमार आणि कासासेंट. विजय कुमार मूळचे आयआयटी कानपूरचे. याच घराण्यातले फिल्टर पुढे भिंगं सोडून संगणकात गेले आणि व्हिडिओत एखादी वस्तू सतत टिपत राहण्याच्या कामात दिसले. जन्म ऑप्टिक्समध्ये, संसार सॉफ्टवेअरमध्ये.

आणि एक गोष्ट भिंगवाल्यांनीच शिकवली, ती सॉफ्टवेअरवाल्यांनीही वापरली. 'प' आणि 'ष' घ्या. 'ष'मध्ये अख्खा 'प' बसलेला आहे, वर एक तिरकी रेघ. 'प'चा साधा फिल्टर 'ष'वरही तितकाच खूश होतो, कारण त्याला जाड, ठळक भागाची ऊर्जा मोजायची सवय. जोसेफ हॉर्नर आणि पीटर जियानिनो यांनी १९८४ मध्ये सुचवलं की फिल्टरमधला ऊर्जेचा भाग टाकून द्या, फक्त कला ठेवा. त्याने दोन फायदे झाले. फिल्टर उजेड अडवत नाही, त्यामुळे सगळा प्रकाश पलीकडे पोहोचतो. आणि बारीक कडांना ठळक भागाइतकंच वजन मिळतं, त्यामुळे ठिपका सुईसारखा टोकदार होतो. जाड डागात हरवणारे फरक यात वेगळे पडायला लागतात. पण 'प'च्या फिल्टरला 'ष' नाकारायला लावायचं असेल तर फिल्टर बनवतानाच 'ष' दाखवून 'याला शून्य' असं सांगावं लागतं. वर्गात हजेरी घेतानाही मी हेच करतो. :)

मागवाला

मंडळी, मी इचलकरंजीचा, माग चालवतो. फूरिए-बिरिए डोक्यावरून गेलं, पण छत्रीच्या कापडाचं वाचून थांबलो. आमचं काम कापडाचंच. उभा धागा तुटला आणि जॉबरचं लक्ष नसलं तर मीटर दोन मीटर कापड तसंच विणलं जातं. ठाण फोल्डिंगला गेल्यावर माणूस डोळ्यांनी बघतो आणि मग डाग, तुटके धागे, जाळी, सगळं निघतं. व्यापारी दर पाडतो तो वेगळाच. तर कापडातून लेझर सोडून तुटका धागा कळेल का? कॅमेऱ्याची मशिनं आहेत म्हणे, किमती ऐकून परत आलो.

खडूफळा

मागवाले, तुमचा प्रश्न या धाग्यातला (दोन्ही अर्थांनी) सर्वांत चांगला.

कापड म्हणजे ठरावीक अंतरावरची जाळी. इंचाला ६० धागे धरले तर मिलिमीटरला २.३६. लाल हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, भिंग अर्ध्या मीटर नाभीय अंतराचं. गुणाकार केला की फूरिएच्या पातळीवर दर पाऊण मिलिमीटरला एक ठिपका, उभा आणि आडवा. धाग्यांची संख्या ६० ऐवजी ५७ पडली तर ठिपके आतल्या बाजूला सरकतात. बाहेरच्या ठिपक्यांचं सरकणं जास्त असतं, तिथे ते पटकन दिसतं. धागा तुटला, डाग पडला, की ठिपक्यांच्या मधल्या काळ्या जागेत उजेड झिरपतो. तेवढ्या काळ्या जागेवर उजेड मोजणारे साधे डायोड लावले तरी इशारा मिळतो, चित्र काढायची गरजच नाही.

आणि सर्वांत सुंदर भाग: कापड पुढे सरकत असलं तरी ठिपके हलत नाहीत. चित्र सरकलं की फूरिएची फक्त कला बदलते, उजेड तोच राहतो. चालत्या कापडाचा फोटो काढायचा तर शटर वेगवान लागतं, नाहीतर फोटो फराटतो. इथे ती भानगड नाही.

जीपीयूग्रस्त

थांबा, इथे हिशोब करू. झोत ५ सेंटिमीटर रुंद घेतलात तर त्यात ११८ धागे. एक तुटला तर फरक एक टक्क्याच्या आत, कापसाच्या तंतूंमुळे होणाऱ्या विखुरण्यात तो बुडणार. म्हणून झोत ५ मिलिमीटरचा घ्यावा लागेल. त्यात १२ धागे, एक गेला तर दिसेल. पण मग ४८ इंची पन्ह्यावर अशा अडीचशे जागा होतात, तिथे झोत फिरता आरसा लावून इकडून तिकडे न्यावा लागेल.

मागवाले, माग मिनिटाला किती पिक (आडवे धागे)?

मागवाला

साधा माग आहे, दीडशेच्या आसपास.

जीपीयूग्रस्त

म्हणजे इंचाला ६० पिक धरले तर मिनिटाला अडीच इंच कापड, सेकंदाला एक मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या पट्टीला जवळजवळ ५ सेकंद मिळतात. या वेगाला लेझरच काय, जुन्या मोबाईलचा कॅमेरासुद्धा आरामात पुरतो. तुमचं दुखणं वेगाचं नाहीच. लेझरचा थाट तिथे शोभेल जिथे तयार कापड भराभरा पळतंय, फिनिशिंगला वगैरे. मागावर कापसाचे तंतू उडणार, भिंगावर बसणार, माग हादरणार. मी तरी कॅमेरा लावेन.

खडूफळा सर, यात तुमचाच सिद्धांत सिद्ध होतोय, पण उलट्या बाजूने. :)

खडूफळा

मान्य. मागावर कॅमेराच. पण हीच युक्ती आज जगात एका जागी रोज चालते: चिपच्या कारखान्यात. मेमरी चिपच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) एकसारख्या खणांची अफाट जाळी असते. तिरका लेझर मारून विखुरलेला उजेड बघणाऱ्या तपासणी यंत्रांत फूरिएच्या पातळीवर पट्ट्या बसवतात, त्या नेमक्या जाळीच्या ठिपक्यांवर. जाळी अदृश्य, आणि धुळीचा कण किंवा ओरखडा तेवढा काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो. इथे संगणकाला अख्ख्या जाळीचं चित्र देऊन 'यातून जाळी वजा कर' म्हणण्यापेक्षा प्रकाशाकडूनच वजा करून घेणं स्वस्त पडतं, कारण उजेड तसाही तिथे आहेच. शिरोरेषा पुसणारी तार आणि ही पट्टी, दोघी एकच.

टेकाडावरची

मी कॅलिफोर्नियात बायोमेडिकलमध्ये आहे, धागा उशिरा सापडला. वेगाचं खरं वेड बघायचं तर रक्तपेशी बघा. नळीतून सेकंदाला लाखभर पेशी धावतायत आणि त्यात एखादीच कर्करोगाची. साध्या कॅमेऱ्याचं काम नाही.

यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात) केइसुके गोडा, केविन त्सिया आणि बहराम जलाली यांनी २००९ मध्ये एक अफलातून युक्ती दाखवली. अतिसूक्ष्म वेळेची लेझर पल्स घ्यायची, ज्यात पुष्कळ रंग असतात. ती इंद्रधनुष्यासारखी पेशीवर पसरायची, म्हणजे प्रत्येक रंग पेशीची वेगळी जागा बघून येतो. परतलेले रंग लांबच लांब फायबरमध्ये सोडायचे. तिथे एक रंग दुसऱ्यापेक्षा हळू चालतो, त्यामुळे चित्र एका रांगेत, वेळेत ताणलं जातं, आणि एकच डिटेक्टर ते वाचतो. वाटेत फायबरमध्येच सिग्नल वाढवतात. वेग सेकंदाला ६१ लाख चित्रं. २०१२ मध्ये याच गटाने सेकंदाला एक लाख पेशी तपासून रक्तातल्या कर्करोगपेशी वेगळ्या काढल्या, चुकीचा इशारा दहा लाखांत एखादा.

पण बघा, ओळखण्याचं काम तिथे इलेक्ट्रॉनिक्सच करतं. प्रकाशाने फक्त चित्र अशा रूपात दिलं की ते गिळता यावं. माझ्या मते पुढचा रस्ता हा आहे, संपूर्ण ओळख प्रकाशात करण्याचा नाही.

बीएस्सी तिसरं वर्ष

वाचनखूण साठवली. प्रकाशातलं न्यूरल नेटवर्क म्हणून २०१८ मध्ये खूप गाजलेलं काहीतरी होतं ना? थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं? त्याबद्दल कोणी सांगेल का?

टेकाडावरची

तेही यूसीएलएचंच, आयदोगान ओझकान यांच्या गटाचं. संगणकावर नेटवर्क शिकवायचं, मग त्यातले आकडे पातळ पत्र्यांच्या उंचसखलपणात उतरवून ते पत्रे छापायचे. पाच पत्रे एकामागे एक. समोर हाताने लिहिलेला अंक ठेवला की पलीकडच्या दहा जागांपैकी एका जागी सर्वांत जास्त ऊर्जा पडते, तो अंक. वीज लागते ती उजेड पाडायला आणि शेवटी वाचायला, मधल्या ओळखीला काहीच नाही. संगणकावरच्या चाचणीत अचूकता ९१.७५ टक्के.

आता खाचाखोचा. प्रयोग दिसणाऱ्या प्रकाशात नव्हता, ०.४ टेराहर्ट्झवर होता, तरंगलांबी पाऊण मिलिमीटर. म्हणून थ्रीडी प्रिंटरच्या छपाईवर निभावलं. त्याच अंकांवर संगणकातली नेटवर्क तेव्हाही ९९ टक्क्यांच्या वर होती. आणि एकदा छापलं की छापलं, नवा अंक शिकवायचा तर पत्रे नवे.

जीपीयूग्रस्त

आणि ते पाच पत्रे मिळून गणिताच्या दृष्टीने एकच रेषीय (नुसत्या गुणाकार-बेरजेचा) थर होतो, कारण मध्ये अरेषीय असं काही नाही. एवढं सांगितलं की माझा जीव शांत.

बाकी मघाशी टोलनाका म्हणायचं असताना सर 'टोकनाका' लिहून गेलेत, ते कोणी लक्षात आणून दिलं नाही याचं नवल वाटलं.

रिमझिम_रडार

भारतातलं काम राहिलं. आयआयटी दिल्लीत केहर सिंग यांच्या गटाने जॉइंट ट्रान्सफॉर्म कोरिलेटरवर बरंच काम केलं. यात फिल्टर आधी बनवून मायक्रॉनमध्ये जुळवायची गरज नसते. शोधायचं चित्र आणि समोरचं चित्र शेजारी शेजारी ठेवायचं, दोघांचा फूरिए एकत्र टिपायचा आणि त्याचा पुन्हा फूरिए घ्यायचा, जुळलं तर बाजूला दोन ठिपके. वीव्हर आणि गुडमन यांची १९६६ ची कल्पना. पुढे याच भिंगांनी चित्र कुलूपबंद करायचं, म्हणजे कलेत गोंधळ कालवून किल्लीशिवाय न उलगडणारं करायचं, त्यावर उन्नीकृष्णन, जोबी जोसेफ आणि केहर सिंग यांचा २००० सालचा निबंध परदेशातही भरपूर उद्धृत होतो. डेहराडूनच्या डीआरडीओच्या आयआरडीई प्रयोगशाळेतही या विषयावर काम झालंय.

बीएस्सी तिसरं वर्ष

मला घरी करून बघायचंय. पॉइंटर आहे, हिरवा. काय लागेल?

खडूफळा

हिरवा स्वस्तातला पॉइंटर बाजूला ठेव. वर एक मिलिवॉट लिहिलेलं असतं आणि आत त्याच्या कितीतरी पट असतं, शिवाय त्यातल्या बऱ्याच पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही गळतो. खरोखरच्या एक मिलिवॉटचा लाल घे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला हेलियम-निऑन मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पहिल्या दिवशी फोर-एफच्या नादी लागू नकोस. झोत मैद्याच्या बारीक चाळणीतून सोड आणि तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर बघ. एवढ्या अंतरावर भिंगाचं काम अंतरच करतं. ठिपक्यांची जाळी मोज, चाळणी जराशी तिरकी फिरव, जाळीही फिरेल. चाळणी बाजूला सरकव, जाळी हलणार नाही. मागवाल्यांना सांगितलं ते हेच. मग चाळणीच्या जागी एकदिशा रेघांची फिल्म. नंतर दोन भिंगं. झोत रुंद करताना भिंगावरची धूळ गोल गोल कड्यांच्या रूपात दिसेल, घाबरू नकोस, सगळ्यांनाच दिसते. फिल्टरच्या जागी आधी तार, मग काळ्या शाईचा ठिपका. मधला बिंदू झाकलास की चित्राच्या फक्त कडा उजळतील. हे जमेपर्यंत होलोग्रामचा विचार करू नकोस. चमकदार वस्तू, अंगठी, घड्याळ काढून ठेव. झोत टेबलाच्या उंचीवरच ठेव आणि कधीही खाली वाकून त्याच्या रेषेत बघू नकोस.

मागवाला

सर, आम्ही पण करून बघतो. कॅमेऱ्याचं पटलं, पण एकदा ठिपके डोळ्यांनी बघायचे आहेत. शेजारी लेझर कटिंगवाला आहे, साड्यांच्या काठावर डिझाइन कापतो. त्याचा लेझर मोठा आहे, रविवारी मोकळाच असतो. तो चालेल ना?

खडूफळा

नाही, नाही, नाही! अहो तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर असतो, १०.६ मायक्रॉनचा. डोळ्यांना दिसत नाही, काचेच्या भिंगातून पार जात नाही, आणि कापड ओळखायच्या आधी कापून मोकळा होतो. ताकद पॉइंटरच्या हजारो पट. त्याच्या जवळपास मोकळ्या डोळ्यांनी जाऊ नका. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा, मी लाल पॉइंटर पाठवतो.

तिरकस बाण

मागवाले, कटिंगवाल्याला हा धागा दाखवू नका. तो तुटेल.